सावध आणि अतिसावध

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यातील कारखान्यांत 'ओव्हरकॉशस' हा इंग्रजी शब्द मराठी बोलण्यात सहज मिसळून गेला आहे. निर्णय लांबणीवर टाकणाऱ्या, नियमावर बोट ठेवून बसणाऱ्या माणसाला तो लावतात. आपण त्याचे 'अतिसावध' असे भाषांतर करतो. पण ते कितपत बरोबर आहे?

'कॉशन'चे मूळ लॅटिन 'काव्हेरे' या क्रियापदात आहे. त्याचा अर्थ जपून राहणे. जपणे प्रमाणाबाहेर जाऊ शकते, म्हणून तेथे 'ओव्हर' शोभतो. 'सावधान' मात्र 'स' आणि 'अवधान' यांतून झाला आहे. त्याच्या गाभ्याशी भय नाही, लक्ष आहे. मंगलाष्टकांतील 'सावधान' हा काही धोक्याचा इशारा नव्हे. मग लक्ष 'अति' कसे होईल?

याचे उत्तर चाकणच्याच इतिहासात सापडते. १६६० च्या जूनमध्ये शायिस्ताखानाने चाकणच्या भुईकोटाला, संग्रामदुर्गाला, वेढा घातला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा होता. सुमारे ५५ दिवसांनी, बुरुजाखाली सुरुंग उडवल्यावर, ऑगस्टमध्ये किल्ला पडला. जदुनाथ सरकारांनी मोगलांकडील २६८ ठार आणि ६०० जखमी नोंदवले आहेत. एका लहानशा गढीवजा किल्ल्यासाठी ही किंमत जबर होती.

पुढे खान पुण्यात लाल महालात राहिला. परवान्यावाचून कोणाही मराठ्याला शहरात किंवा छावणीत येऊ देऊ नये, असा त्याचा बंदोबस्त असल्याचे खाफीखान सांगतो. याच इतिहासकाराच्या मते शिवाजी महाराजांची माणसे आत आली ती लग्नाच्या वरातीचा परवाना काढून! ५ एप्रिल १६६३ च्या रात्री खानाची बोटे तुटली आणि त्याचा मुलगा मारला गेला.

खानाचे जपणे उदंड होते. अवधान तेवढे नव्हते. पहारेकऱ्यांनी कागद पाहिला, माणसे पाहिली नाहीत. म्हणून त्याला 'अतिसावध' म्हणणे आम्हांस पटत नाही. तो खऱ्या अर्थाने सावधच नव्हता.

'ओव्हरकॉशस'ला जवळचे मराठी आम्हांस म्हणीत दिसते: दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. इंग्रजी शब्द माणसाला नुसता दोष देतो. म्हण त्याचे पोळलेले तोंडही लक्षात ठेवते. एखाद्याला 'ओव्हरकॉशस' ठरवण्यापूर्वी त्याचे चाकण कोणते, हे विचारावे, एवढेच आमचे म्हणणे.