मंडईचं नाव आणि काकूचा अर्ज

आजचा एपिसोड जरा घरातून सुरू करतो. डिसेंबर 2025 च्या शेवटच्या आठवड्यात मांजरीहून माझ्या काकूचा फोन आला. "तू कॉम्प्युटरवाला ना? मतदार यादी पीडीएफमध्ये दिलीये, ती एक्सेलमध्ये करून दे. मी उभी राहतीये."

काकू मांजरी बुद्रुकच्या ग्रामपंचायतीत सदस्य होती. जून 2021 मध्ये 23 गावं पुणे महापालिकेत आली, त्यात मांजरीही होती. ग्रामपंचायत बरखास्त झाली आणि काकूचं पद गेलं. जिल्हा परिषदेशी असलेला गावाचा संबंधही संपला. मग महापालिकेत गावाचा नगरसेवक कोण? कुणीच नाही. त्यात मार्च 2022 मध्ये महापालिकेचीच मुदत संपली. ओबीसी आरक्षणाचा खटला आणि प्रभागरचनेचे बदल यांत निवडणूक पुढे पुढे जात राहिली. मतदान झालं थेट 15 जानेवारी 2026 ला. तोवर प्रशासक. म्हणजे साडेचार वर्षं या गावांनी कर भरला, पण सभागृहात त्यांचं कुणीही नव्हतं.

यादी एक्सेलमध्ये आणताना माझ्या डोक्यात एकच प्रश्न फिरत होता. पुण्यात 'उभं राहणं' ही गोष्ट सुरू कधी झाली?

पुणे नगरपालिका 1857 सालची. सुरुवातीला निवडणूक नव्हतीच. सरकार सभासद नेमायचं. 1876 साली असेच नेमले गेलेले एक सभासद म्हणजे जोतीराव फुले. शाळेच्या पुस्तकातले फुले आपल्याला माहीत असतात, पण ते कंत्राटदारही होते, कात्रजच्या बोगद्याचं काम केलेले. रस्त्याला, पुलाला किती पैसा लागतो हे कळणारा माणूस. त्याआधी, 1868 मध्ये, त्यांनी घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला होता. त्यामुळे पाणी कुणाला मिळतं आणि कुणाला नाही, हेही त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

1880 साली व्हाइसरॉयच्या भेटीची तयारी सुरू झाली आणि स्वागतासाठी हजार रुपये खर्चायचा ठराव आला. धनंजय कीरांनी फुल्यांच्या चरित्रात हा प्रसंग दिलाय. फुल्यांचं म्हणणं, हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर घाला. सभासद 32, सगळे सरकारने नेमलेले. ठरावाच्या बाजूने मत न देणारा एकच.

मला यात सगळ्यात भारी वाटतं ते हे, की ज्याने नेमलं त्याच्याच पाहुण्याच्या स्वागताला हा माणूस नाही म्हणाला. पाठीशी मतदार नाहीत, पुढच्या वेळी नेमणूक होईल याची खात्री नाही. पुढे नव्या मंडईच्या मोठ्या खर्चालाही त्यांनी विरोध केला. ते चाललं नाही. मंडई बांधली गेली आणि 1886 मध्ये गव्हर्नरांच्या नावाने 'रे मार्केट' म्हणून उघडली. हिच्याकडे परत येऊ.

1882 मध्ये लॉर्ड रिपनने स्थानिक स्वराज्याचा ठराव काढला आणि 1884 मध्ये मुंबई इलाख्यात त्याचे कायदे आले. नगरपालिकांत निवडून आलेल्यांची संख्या वाढली आणि ग्रामीण भागासाठी तालुका आणि जिल्हा लोकल बोर्डं निघाली. जिल्हा लोकल बोर्ड म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेची आजी समजा. नात जन्मली 1 मे 1962 ला. पण आजीच्या घरात अध्यक्षाच्या खुर्चीत कलेक्टर, आणि मतदार कोण, तर कर भरणारे, मालमत्तावाले. बायका नाहीत. शेतमजूर नाहीत. निवडणूक आली खरी, पण लॉगिन मोजक्याच लोकांकडे.

ही बोर्डं वाटतात तितकी किरकोळ नव्हती. 1895 मध्ये टिळक पुणे नगरपालिकेत निवडून आले, आणि त्याच वर्षी मुंबईच्या कायदेमंडळातही गेले. कायदेमंडळाची ती जागा मध्य विभागातल्या लोकल बोर्डांची होती. म्हणजे गावच्या रस्त्या-शाळांचं बघणारे सभासद थेट इलाख्याच्या सभागृहात माणूस पाठवत होते.

आता 1925 वर येतो. स्वारगेटला ज्यांच्या नावाच्या चौकात आपण रोज अडकतो, ते केशवराव जेधे तेव्हा तरुण होते. ब्राह्मणेतर चळवळीतले लोक आता निवडून येऊन नगरपालिकेत बसू लागले होते. जेध्यांनी तिथे मागणी केली, की फुल्यांचा पुतळा उभारा. जोरदार विरोध झाला आणि ठराव पडला. शहरात इतकं वातावरण तापलं की त्याच वर्षी दिनकरराव जवळकरांचं 'देशाचे दुश्मन' हे पुस्तक आलं, त्यावर खटला झाला, आणि आरोपींचे वकील म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला जिंकलेही. हा एक वेगळा एपिसोड आहे, करूच.

ठराव पडला, पण विषय मिटला नाही. 1930 च्या दशकाच्या अखेरीस आचार्य अत्रे नगरपालिकेत निवडून आले, स्थायी समितीचे अध्यक्ष झाले, आणि रे मार्केटची 'महात्मा फुले मंडई' झाली. भांबुर्ड्याचं शिवाजीनगर झालं तेही त्यांच्याच पुढाकाराने. गंमत बघा. ज्या मंडईच्या खर्चाला फुल्यांचा विरोध होता, तिच्यावरच त्यांचं नाव. स्वतः फुले काय म्हणाले असते देव जाणे. पण नेमलेल्यांच्या सभागृहात जो एकटा पडला, त्याच्या बाजूने बहुमत उभं राहिलं ते निवडून आलेल्यांच्या सभागृहात. त्याला अर्धशतकाहून जास्त काळ लागला.

1950 मध्ये महापालिका झाली, बाबूराव सणस पहिले महापौर. प्रौढ मतदान आलं, पुढे महिलांना आरक्षण मिळालं आणि 2011 पासून राज्यात ते निम्म्या जागांवर गेलं. कागदावर काकूसाठी दार सताड उघडं होतं.

एक्सेल उघडलं तेव्हा मी गप्प झालो. शहरात पस्तीस लाखांवर मतदार आणि प्रभाग 41. भागाकार तुम्हीच करा. काकूच्या वॉर्डात पूर्वी घरंन् घर ओळखीचं. कुणाच्या म्हशी आजारी आहेत हेसुद्धा तिला माहीत. आता तिच्या यादीत असे टॉवर होते की नावं वाचून ती विचारायची, "हे कुठे आलं रे?" शिवाय एका प्रभागात चार जागा. पक्षाचं पॅनेल एकत्र फिरतं. अपक्षाला तेवढाच भाग एकटीने फिरायचा.

मी नोकरी सांभाळून दोन रात्री पिव्होट टेबलं काढून दिली. रस्त्यांप्रमाणे, सोसायट्यांप्रमाणे. तिसऱ्या दिवशी काकू म्हणाली, "चाळीस बायका रोज सोबत फिरायला लागतील. माझ्याकडे अकरा आहेत. त्यातल्या चौघी शेतावर जातात."

जानेवारीच्या सुरुवातीला, चिन्ह मिळायच्या आधीच, तिने अर्ज मागे घेतला. कुणी दबाव टाकला नाही, कुणी पैसे देऊ केले नाहीत. हे मुद्दाम सांगतो, कारण ऐकणारा प्रत्येकजण पहिलं तेच विचारतो.

मी 28 वर्षांचा. महापालिकेसाठी मी पहिल्यांदाच मत दिलं, कारण 2017 ला यादीत नाव नव्हतं आणि 2022 ला निवडणूकच नव्हती. त्या दिवशी काकूला गाडीवरून मतदान केंद्रावर सोडायला गेलो. चार जागा, चार रंगांच्या मतपत्रिका. ती आत बराच वेळ होती. बाहेर येऊन शाई वाळवत तिने मला विचारलं, "ग्रामपंचायतीत नळाला पाणी नाही आलं तर लोक माझ्या दारात यायचे. आता या चौघांतल्या नेमक्या कुणाच्या दारात जायचं?"

मला सांगता आलं नाही. काकूने पदर सावरला आणि म्हणाली, "चल, मंडईत सोड मला. भाजी घ्यायचीये."