एच.एम.टी. धान आणि मालकीचा कायदा



एच.एम.टी. हे नाव मूळचे मनगटी घड्याळाचे. ते तांदळाच्या पोत्यावर कसे आले, ते आज सांगतो.

चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. (मराठवाड्यातले नांदेड नव्हे बरं का!) तिथे दादाजी खोब्रागडे हे दीडेक एकराचे शेतकरी होते. १९८३ च्या सुमारास पटेल-३ धानाच्या बांधीत त्यांना तीन लोंब्या निराळ्या दिसल्या. अशी झाडे आपण भेसळ म्हणून उपटून टाकतो, आणि आम्ही अधिकारीही तसेच सांगतो. दादाजींनी त्या लोंब्या जपून ठेवल्या, पुढल्या वर्षी वेगळ्या पेरल्या आणि दरसाल निवड चालू ठेवली. दाणा बारीक निघाला, भातही चवीला चांगला. १९९० मध्ये एका व्यापाऱ्याने बियाणे नेले. जातीला नाव नव्हते, म्हणून त्याने घड्याळाचेच नाव देऊन टाकले. बघता बघता ही जात दूरवर पसरली.

आता गंमत पाहा. घड्याळाच्या नावाला १९५८ चा ट्रेडमार्क कायदा होता. धानाची जात काढणाऱ्याला मात्र कुठलाच कायदा नव्हता. १९७० च्या पेटंट कायद्याने शेतीची पद्धत पेटंटच्या बाहेर ठेवली होती, आणि माझ्या मते ते योग्यच होते. नाहीतर रोवणीच्या रीतीचेही कोणी पैसे मागितले असते! २००२ च्या दुरुस्तीने बियाणे आणि वनस्पतींच्या जातीही पेटंटबाहेर असल्याचे स्पष्ट केले. पण दादाजींच्या हाती त्यातून काही आले नाही.

१९९४ मध्ये कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून बियाणे नेले. १९९८ मध्ये ‘पीकेव्ही-एचएमटी’ ही जात प्रसारित झाली. आम्ही बियाण्याचे शुद्धीकरण केले, असे विद्यापीठाचे म्हणणे. आपल्याला श्रेय मिळाले नाही, असे दादाजींचे. शुद्धीकरणाला मेहनत लागतेच, पण मुळात लोंबी ओळखली कोणी, हेही विचारायला हवे.

पुढे २००१ मध्ये पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा झाला. त्यात कंपनीसारखीच शेतकऱ्यालाही आपल्या वाणाची नोंदणी करता येते. शेतकऱ्याला नोंदणी फी नाही. वाण नवा असलाच पाहिजे अशीही अट शेतकऱ्याच्या वाणाला नाही. मात्र तो इतरांपासून वेगळा, एकसारखा आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकणारा हवा. धानासारख्या पिकाला हे संरक्षण १५ वर्षे मिळते. शिवाय दुसऱ्याचा नोंदलेला वाण असला तरी त्याचे घरचे बी राखणे, पेरणे, शेजाऱ्याला देणे, विकणे हा तुमचा हक्क आहे. फक्त ब्रँडच्या नावाने, छापील पिशवीत विकता येत नाही.

दादाजी २०१८ मध्ये वारले. यंदा बांधीत निराळी लोंबी दिसली तर उपटण्याआधी तिला सुतळी बांधा. तिचे बी वेगळे राखा आणि कोणत्या साली, कोणत्या शेतात सापडली ते वहीत लिहून ठेवा. नोंदणीचा अर्ज करताना ती माहिती लागते.