बायकांचा इतिहास मांडणाऱ्या गर्डाबाई

शाळेत आपण इतिहास शिकलो. राजे, लढाया, तह, सनावळ्या. त्यात बायका किती होत्या? बोटांवर मोजण्याइतक्या. बाकीच्या बायका तेव्हा काय करत होत्या, हा प्रश्न एका बाईने आयुष्यभर लावून धरला. त्यांचं नाव गर्डा लर्नर.

गर्डाचा जन्म १९२० सालचा, ऑस्ट्रिया देशातल्या व्हिएन्ना शहरातला. घर ज्यू धर्माचं. वडिलांचं औषधांचं दुकान, आई चित्रकार. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया ताब्यात घेतला आणि ज्यू लोकांचे हाल सुरू झाले. वडील शेजारच्या लिक्टेनश्टाइन या चिमुकल्या देशात निघून गेले. मागे राहिलेल्या मायलेकींना पकडून सहा आठवडे तुरुंगात डांबलं. गर्डाला अठरा वर्षं तुरुंगातच पूर्ण झाली. ज्यू कैद्यांना जेवण कमी मिळे. कोठडीत ज्यू नसलेल्या दोन राजकीय कैदी बायका होत्या. त्यांनी आपल्यातला घास तिला दिला, म्हणून ती तगली.

सुटका झाली, पण देश सुटला. १९३९ मध्ये ती अमेरिकेला पोचली. परकी भाषा, हातात पैसा नाही. हॉटेलात वाढपी, दुकानात विक्रीचं काम, पुढे एक्स-रे काढण्याचं काम, मिळेल ते केलं. लग्न झालं, दोन मुलं झाली. मुलं मोठी होत असताना गर्डाबाई पुन्हा शिकायला बसल्या आणि १९६३ मध्ये, त्रेचाळिसाव्या वर्षी, बी.ए. झाल्या. तीनच वर्षांत कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेटही मिळवली. अभ्यास केला तो ग्रिम्के बहिणींचा. गुलाम बाळगणाऱ्या घरात जन्मून गुलामगिरीविरुद्ध भर सभेत बोलणाऱ्या या दोघी बहिणी.

त्या काळी बायकांचा इतिहास हा विषयच कोणी धरत नव्हतं. गर्डाबाईंनी १९७२ मध्ये सारा लॉरेन्स कॉलेजात त्याचा एम.ए. अभ्यासक्रम सुरू केला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायकांची पत्रं, जबान्या, आठवणी गोळा करून त्यांचं मोठं पुस्तक काढलं. पुरावा नाही असं म्हणणाऱ्यांना ते चोख उत्तर होतं. पुरावा होता, कोणी शोधला नव्हता. २०१३ मध्ये, ब्याण्णवाव्या वर्षी त्या वारल्या.

त्यांचं एक म्हणणं आपल्याला फार लागू पडतं. आधीच्या बायकांनी काय केलं हे पुढच्यांना कळत नाही, म्हणून प्रत्येक पिढी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते. पुरुषांना आधीच्यांच्या खांद्यावर उभं राहता येतं, बायकांना दरवेळी पाया खणावा लागतो.

मैत्रिणींनो, आपल्या बचत गटाच्या वहीत बचत, कर्ज, व्याज सगळं असतं. पण गट कोणी सुरू केला, पहिल्या बैठकीला घरातून कोणाला विरोध झाला, दारूचं दुकान बंद करायला कोण कोण गेलं, हे कुठे असतं? बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या आज्या अजून काही घरांत आहेत. पुढच्या बैठकीत वहीची चार पानं राखून ठेवा. एका आजीला बोलवा, त्यांना बोलू द्या आणि लिहिता येणाऱ्या मुलीला शेजारी बसवा. आजींचं नाव, गाव आणि तारीख लिहायला मात्र विसरू नका.