श्रीक्षेत्र महेश्वर : नर्मदाकाठचे एक नगर, त्याचा इतिहास व नित्यजीवन

श्रीक्षेत्र महेश्वर हे मध्य प्रदेशातील खरगोन जिल्ह्यात, नर्मदा नदीच्या उत्तर तीरावर वसलेले लहानसे नगर होय. इंदूरपासून ते सुमारे ९० किलोमीटर अंतरावर आहे. आग्रा-मुंबई महामार्गावरील धामनोद येथून महेश्वरला जाण्यास रस्ता आहे. इंदूर, देवास, धार व बडोदे येथील मराठी कुटुंबांना हे नगर पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांची राजधानी म्हणून परिचित आहे. तथापि महेश्वरची वस्ती होळकरशाहीहून फार प्राचीन आहे.

प्राचीन काळ

महाभारतात सहदेवाच्या दक्षिण दिग्विजयाच्या प्रसंगी माहिष्मती नगरीचा व तेथील नील राजाचा उल्लेख येतो. कालिदासाच्या रघुवंशात इंदुमतीच्या स्वयंवरप्रसंगी रेवेच्या काठच्या माहिष्मतीचे वर्णन आहे. हैहय कुळातील सहस्रार्जुनाची ही राजधानी म्हणजेच आजचे महेश्वर, अशी परंपरा आहे. काही अभ्यासक माहिष्मतीचे स्थान ओंकारेश्वर-मांधाता येथे मानतात. महेश्वर येथील श्रीराजराजेश्वर मंदिर हे सहस्रार्जुनाचे समाधिस्थान मानले जाते व तेथे तुपाचे अकरा नंदादीप अखंड तेवत असतात.

परंपरेच्या जोडीला उत्खननाचा पुरावाही येथे उपलब्ध आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया व त्यांचे सहकारी यांनी १९५२-५३ मध्ये महेश्वर आणि समोरच्या दक्षिण तीरावरील नावडाटोली येथे उत्खनन केले. नावडाटोली येथे १९५७ ते १९५९ या काळात पुन्हा विस्तृत काम झाले. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी तेथे शेतकऱ्यांचे गाव होते, हे त्यातून स्पष्ट झाले. कुडाच्या गोल व चौकोनी झोपड्या, रंगीत नक्षीची मडकी, दगडी पाती, तांब्याची हत्यारे, तसेच गहू, मसूर, मूग, वाटाणा यांचे जळालेले दाणे तेथे सापडले. नदीच्या या पात्रावर माणसाचा संसार किती काळ चालत आला आहे, याची कल्पना यावरून येते.

होळकरांची राजधानी

अहिल्यादेवींचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी येथे झाला. १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात पती खंडेराव, १७६६ मध्ये सासरे सुभेदार मल्हारराव आणि १७६७ मध्ये पुत्र मालेराव यांचा वियोग त्यांना सोसावा लागला. त्यानंतर राज्यकारभार हाती घेऊन त्यांनी महेश्वरला आपले वास्तव्य केले. सैन्याची धुरा तुकोजीराव होळकरांकडे होती. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वर येथेच देवींचे निधन झाले. आजही श्रावण वद्य चतुर्दशीस त्यांची पुण्यतिथी श्रद्धेने पाळली जाते.

किल्ल्यातील राजवाडा पाहताना भाविकास प्रथम जाणवतो तो त्याचा साधेपणा. लाकडी खांबांची ओसरी, मोकळा चौक, देवींची गादी व शेजारी देवघर, एवढाच त्याचा थाट आहे. किल्ल्यातून खाली उतरताना अहिल्येश्वर मंदिर व विठोजी होळकरांची छत्री लागते. विठोजींना १८०१ मध्ये पुण्यात दुसऱ्या बाजीरावाच्या आज्ञेने हत्तीच्या पायी देण्यात आले. त्यांचे बंधू यशवंतराव यांच्या कारकिर्दीत राजधानी भानपुऱ्यास गेली. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर ती इंदूरला स्थिरावली आणि महेश्वर पुन्हा एक शांत नदीकाठचे गाव झाले.

दौलत आणि खासगी

अहिल्यादेवींच्या दानधर्माची चर्चा करताना एक बाब विश्वस्त मंडळींनी विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. होळकरांकडे दोन वेगवेगळ्या तिजोऱ्या होत्या. राज्याचा वसूल तो ‘दौलत’ आणि राणीच्या हक्काचे उत्पन्न ती ‘खासगी’. १७३४ मध्ये पहिल्या बाजीरावांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांना खासगीची जहागीर दिली आणि ती पुढे अहिल्यादेवींकडे आली. काशीचे श्रीविश्वेश्वर मंदिर, गयेचे विष्णुपद मंदिर, सोमनाथ येथील मंदिर, तसेच ठिकठिकाणचे घाट, धर्मशाळा व अन्नछत्रे या कार्यांचा भार देवींनी खासगीवर ठेवला. प्रजेच्या कराचा पैसा आणि आपल्या पुण्यकर्माचा पैसा यांतील रेषा त्यांनी पुसू दिली नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात या धर्मादाय मालमत्तांसाठी १९६२ मध्ये खासगी ट्रस्ट स्थापन झाला. त्याच्या यादीत देशभरातील २४६ मालमत्ता होत्या. त्यांच्या व्यवस्थेवरून पुढे वाद उद्भवला. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सदर ट्रस्टची मध्य प्रदेश सार्वजनिक न्यास अधिनियम, १९५१ खाली नोंदणी आवश्यक असल्याचा निर्णय दिला. मालमत्तांच्या हस्तांतराची चौकशी करण्याचा मार्गही त्याने मोकळा केला. दान देणारा काळाच्या पडद्याआड जातो; दानाचा हिशेब मात्र पुढील पिढ्यांना ठेवावा लागतो. घाटाची एक पायरी सांभाळणे हे ती बांधण्याइतकेच पुण्यकर्म आहे.

घाटावरील दिवस

महेश्वरचा दिवस नदीपासून सुरू होतो. पहाटे स्नान करणारे, धुणी धुणाऱ्या स्त्रिया, माशांना दाणे टाकणारी मुले आणि नावा धुणारे नावाडी यांनी अहिल्या घाट, पेशवा घाट व फणसे घाट गजबजून जातात. पात्राच्या मध्यभागी खडकावर श्रीबाणेश्वराचे लहानसे मंदिर आहे; तेथे नावेने जावे लागते. राजवाड्यात काळ्या मातीची लहान लहान पार्थिव शिवलिंगे करून त्यांचे पूजन होते व मग ती नर्मदेत विसर्जित केली जातात. देवींच्या काळापासून चालत आलेला हा लिंगार्चनाचा परिपाठ होय. सायंकाळी आरतीनंतर द्रोणातील दिवे पाण्यावर सोडले जातात.

नर्मदा परिक्रमेच्या मार्गावरील हे महत्त्वाचे ठिकाण आहे. नदी सदैव उजव्या हातास ठेवून चालणारे परिक्रमावासी येथे विसावतात. त्यांत महाराष्ट्रातील भाविकांची संख्या लक्षणीय असते. वाटेत भेटणारा प्रत्येक जण ‘नर्मदे हर’ म्हणूनच नमस्कार करतो.

गावाची बोली निमाडी आहे. ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी हे येथील घरोघरचे अन्न. कापूस व मिरची ही भोवतालच्या शेतांची मुख्य पिके. माघ शुद्ध सप्तमीस नर्मदा जयंती आणि त्यानंतर महाशिवरात्र थाटाने साजरी होते. निमाडचा सर्वांत आवडता सण गणगौर. त्यात टोपल्यांतून गव्हाचे अंकुर वाढवून रणुबाई व धणियर राजा यांची पूजा करतात. चैत्र शुद्ध तृतीयेस, म्हणजे मराठी घरांत चैत्रगौर बसते त्याच दिवशी, हा उत्सव रंगात आलेला असतो.

हातमाग

गावात फिरताना मागांचा खटखट आवाज सतत कानी येतो. अहिल्यादेवींनी बाहेरून विणकर आणून येथे वसविले व त्यातून महेश्वरी साडीचा उदय झाला. रेशमी ताणा व सुती बाणा, हलके पोत आणि दोन्ही बाजूंनी नेसता येईल असा काठ ही तिची ओळख. काठावरील चटई, वीट, हिरा व लहर या नक्षी किल्ल्याच्या भिंतीवरून आणि नर्मदेच्या लाटांवरून घेतल्या आहेत. हिंदू व मुसलमान अशा दोन्ही समाजांतील कुटुंबे हा व्यवसाय करतात. विसाव्या शतकात तो क्षीण झाला असता १९७८ मध्ये स्थापन झालेल्या रेवा सोसायटीने विणकर स्त्रियांना पुन्हा मागावर बसविले. यंत्रमागावरील स्वस्त नकलांमुळे हातमागाच्या मोलावर आजही गदा येते.

भाविकांस विनंती

१ एप्रिल २०२५ पासून मध्य प्रदेश शासनाने महेश्वरसह काही धर्मनगरांत मद्यविक्री बंद केली आहे. क्षेत्राचे पावित्र्य केवळ आदेशाने टिकत नाही. नदीच्या वरच्या भागात धरणे झाल्याने पाण्याची पातळी अकस्मात वाढू शकते. स्नानापूर्वी नावाड्यांस अवश्य विचारावे. निर्माल्य, कापड व प्लास्टिक पात्रात टाकू नये. साडी घ्यावयाची असल्यास हातमागाची खूण पाहून विणकराकडून घ्यावी. या नगरास अहिल्यादेवींनी मंदिराइतकाच मागही दिला, याचे स्मरण ठेवून केलेली महेश्वरची यात्रा सफल होईल.

नर्मदे हर!