खो मिळाला, पण उठून पळायचं कुठे? धाराशिवच्या सारिका काळेंची गोष्ट

नेहमीसारखंच, हा एपिसोडचा लेखी अवतार आहे. 'अं' आणि 'म्हणजे' काढून टाकलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

तुमच्यापैकी काहींचे मेसेज होते की अमेरिकन फुटबॉलवर एक एपिसोड कर. म्हणून मी वाचायला बसलो. हेल्मेट घालून एकमेकांवर आदळणारी ती माणसं, त्यांचे कोट्यवधींचे करार, सगळं भारी वाटतं. मला मात्र खेळ थांबल्यानंतरचा भाग जास्त खेचत गेला. तिकडच्या एनएफएल लीगमध्ये बहुतेकांची कारकीर्द जेमतेम तीन-चार वर्षांची असते. पण तीन सीझन नियमात बसतील असे पूर्ण झाले, की म्हातारपणाची पेन्शन पक्की. डोक्याला बसलेल्या मारांमुळे मेंदूचे आजार झाले म्हणून हजारो माजी खेळाडू कोर्टात गेले, आणि लीगला मोठी भरपाई मान्य करावी लागली. म्हणजे खेळाडू निवृत्त झाला तरी त्याचा हिशोब कुठेतरी चालू राहतो.

हे वाचताना डोक्यात सारखं आपल्याच जिल्ह्यातलं एक नाव येत होतं. सारिका काळे. मग अमेरिका बाजूला ठेवली. सॉरी, एनएफएलवाले!

आधी थोडं खेळाबद्दल, कारण शाळेनंतर आपल्यातल्या बऱ्याच जणांचा खो-खो सुटला तो सुटलाच. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये या खेळाचे नियम पहिल्यांदा बांधून दिले असं मानतात. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा सुरू व्हायला १९५९-६० उजाडलं, तीही विजयवाड्याला. नियम तसे सोपे. एका संघाचे आठ जण ओळीत, एकाआड एक उलट तोंड करून बसतात, नववा पळतो. समोरून एका वेळी तीन जण मैदानात. पाठलाग करणाऱ्याला मधली रेष ओलांडता येत नाही, एकदा धरलेली दिशा बदलता येत नाही. म्हणून तो बसलेल्याला मागून 'खो' देतो, आणि त्याची जागा घेऊन स्वतः बसतो. जो संरक्षण करतो त्याची कमाई मिनिटांत मोजतात. पेपरात खो-खोच्या बातमीत नावापुढे कंसात मिनिटं-सेकंद छापलेले असतात ना, तेच. अडीच-तीन मिनिटं तीन फुटांवरून कुणीतरी झडप घालत असताना न सापडणं म्हणजे काय, हे ज्याने एकदा करून बघितलंय त्यालाच कळेल. मी शाळेत पंधरा सेकंदांत बाद व्हायचो.

आणि खर्च? दोन लाकडी खांब, चुन्याची फक्की आणि मोकळी जागा. बूट नसले तरी चालतं. आपल्या जिल्ह्यात हा खेळ का रुजला याचं मोठं कारण मला हेच वाटतं. नीती आयोगाने २०१८ मध्ये देशातल्या मागास जिल्ह्यांची आकांक्षित जिल्हे म्हणून यादी केली, त्यात महाराष्ट्रातले चार होते आणि त्यातला एक आपला. तेव्हाचं नाव उस्मानाबाद. क्रिकेटचं किट घेणं जिथे घरातल्या बजेटचा विषय होतो, तिथे मुलगी खो-खोच खेळणार.

सारिकाताई वयाच्या तेराव्या वर्षाच्या आसपास या खेळात आल्या. घरची परिस्थिती त्यांनी स्वतः मुलाखतीत सांगितली आहे, त्यामुळे मी इथे काही उघड करत नाहीये. वडिलांना शारीरिक अडचणींमुळे फारसं कमावता येत नव्हतं. आई शिवणकाम करायची. घर चालायचं ते बरंचसं आजी-आजोबांच्या कमाईवर. जवळजवळ दहा वर्षं एक वेळच्या जेवणावर काढली, असं त्या म्हणाल्या होत्या. आणि एक गोष्ट मला विसरता येत नाही. खेळाडूला लागतं तसं चांगलं खाणं त्यांना मिळायचं ते शिबिराला किंवा स्पर्धेला गेल्यावरच. जरा विचार करा. आपण प्रोटीन पावडरचे रिव्ह्यू बघतो, आणि इथे राज्याच्या संघात निवड होणं म्हणजे पोटभर जेवण मिळणं.

आता २०१६ साल बघा. फेब्रुवारीत गुवाहाटी आणि शिलाँगला दक्षिण आशियाई स्पर्धा झाल्या. खो-खो तिथे पहिल्यांदाच. भारतीय महिलांनी सुवर्ण जिंकलं, कर्णधार सारिका काळे. त्याच वर्षी इंदूरला आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली, तिथेही भारत पहिला. इकडे मराठवाड्यात दुष्काळ इतका, की एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. तुम्हालाही ती पाण्याची रेल्वे आठवत असेल, तेव्हा टीव्हीवर दुसरं काही नव्हतं.

आणि त्याच वर्षी भारताच्या या कर्णधाराने खेळ सोडायचं ठरवलं होतं.

कारण पैसा. दुखापत नाही की फॉर्म गेला असंही नाही. त्यांचे प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी ते दिवस पुढे सांगितले. आजीकडून त्यांना कळलं, की सारिका खोलीत स्वतःला कोंडून बसली आहे. मग त्यांनी समजावलं, आणि त्या परत मैदानावर आल्या. तिथून पुढे सगळं बदललं, असं जाधव सर म्हणतात. मी इथे जरा थांबतो. समजावणारा प्रशिक्षक भेटला ही चांगलीच गोष्ट. पण देशाचा कर्णधार टिकतो की नाही, हे एका आजीच्या सांगण्यावर आणि एका सरांच्या शब्दावर अवलंबून असावं? आम्ही सॉफ्टवेअरवाले याला 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणतो. एक तार तुटली की सगळं बंद.

आर्थिक आधार आला तो सरकारी नोकरीतून. राज्याच्या क्रीडा खात्यात त्यांची नेमणूक झाली, आणि त्या तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी झाल्या. आपल्याकडे खेळाडूची पेन्शन म्हणा, करार म्हणा, विमा म्हणा, सगळं या एका शब्दात येतं. नोकरी. महाराष्ट्रात सरकारी भरतीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, अव्वल कामगिरी असेल तर थेट नेमणुकीचीही वाट आहे. गावाकडे लोक पदक बघून पहिला प्रश्न विचारतात, 'मग पोरगी कुठं लागली का?' शहरातल्यांना हे रुक्ष वाटतं. मला नाही वाटत. ज्या घरात एक वेळ जेवण होतं तिथे हाच प्रश्न आधी येणार.

मग आलं २०२०. अर्जुन पुरस्कारांच्या यादीत सत्तावीस नावं होती. त्यात क्रिकेटचा ईशांत शर्मा, आपल्या बीडचा पैलवान राहुल आवारे, नाशिककडचा नौकानयनपटू दत्तू भोकनळ, आणि खो-खोसाठी सारिका काळे. याआधी खो-खोला अर्जुन मिळाला होता १९९८ साली, शोभा नारायण यांना. मध्ये बावीस वर्षं गेली. बावीस वर्षांत किती पोरी आल्या, खेळल्या, लग्न होऊन गेल्या, कुणालाच काही मिळालं नाही. पुरस्काराची रक्कम त्याच वर्षी पाच लाखांवरून पंधरा लाख झाली होती. कोविडमुळे समारंभ ऑनलाइन झाला, राष्ट्रपती रामनाथ कोविंद दिल्लीत आणि खेळाडू ठिकठिकाणच्या केंद्रांवर. राष्ट्रपती भवनाच्या गालिच्यावरून चालायचं राहिलं ते राहिलंच. मला अजून त्याची हळहळ वाटते, त्यांना वाटते की नाही माहीत नाही.

पुढे खेळात पैसा येऊ लागला. ऑगस्ट २०२२ मध्ये अल्टिमेट खो-खो लीग सुरू झाली. सहा संघ, मॅट, दिवे, टीव्हीवर थेट प्रक्षेपण, पण खेळणारे पुरुषच. कबड्डीचंही आधी असंच झालं, २०१४ ला प्रो कबड्डी आली तीही पुरुषांची. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, आणि भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. स्कोअर बघून गोंधळू नका, तिथले नियम झटपट प्रकारचे आणि एक गडी बाद केला की दोन गुण. कर्णधार प्रियांका इंगळे आपल्याच महाराष्ट्राची, आणि संघात धाराशिवची अश्विनी शिंदेही होती. घरी मी ती मॅच मोबाईलवर लावली तर आईने विचारलं, 'आपली कुठली गं यातली?' मला स्क्रीनवर बोट ठेवून दाखवता आलं.

तालुका क्रीडा अधिकारी म्हणजे नेमकं काय काम, हे मलाही आधी माहीत नव्हतं. शालेय स्पर्धा भरवायच्या, शाळांच्या प्रवेशिका बघायच्या, मैदानं आणि व्यायामशाळांच्या योजनांचे प्रस्ताव हलवायचे. बरंचसं काम फायलींचं. अर्जुन पुरस्कार मिळालेली बाई कागदांवर सह्या करते याची काहींना खंत वाटते. पण तालुक्याच्या स्पर्धेत अनवाणी आलेली, सकाळपासून काही न खाल्लेली मुलगी कोणती, हे त्या टेबलामागून ओळखू शकेल असं माणूस दुसरं कोण आहे?

तर, तुमच्या शाळेत कुणी राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवर खेळलं असेल आणि आज ते काय करतात हे तुम्हाला माहीत असेल, तर मला व्हॉइस नोट पाठवा. त्यांना आधी विचारून मगच, बरं का. पुढच्या वेळी त्यातल्याच एकदोन गोष्टी ऐकू. आणि हो, एनएफएलचा एपिसोडही करतो, विसरलेलो नाही.