कुंकवाच्या डबीतला रंग कसा बदलला?

१/ कुंकू हा शब्द जुनाच आहे. डबीतला पदार्थ मात्र पालटला. त्या पालटाचा हा थ्रेड.

२/ पारंपरिक कुंकू हळदीचे. हळदीला चुन्यासारख्या अल्कधर्मी द्रव्याचा संस्कार झाला की तिचा पिवळा रंग लाल होतो. पंढरपूर आणि करमाळा तालुक्यातील केम ही गावे या व्यवसायासाठी प्रसिद्ध आहेत.

३/ १८५६ साली लंडनमध्ये १८ वर्षांचा विल्यम पर्किन डांबरजन्य ॲनिलीनपासून क्विनीन करू पाहत होता. हाती आला जांभळा रंग. त्यातून कृत्रिम रंगांचा उद्योग उभा राहिला. हे रंग प्रामुख्याने कापडासाठी होते.

४/ पुढे पांढऱ्या भुकटीत असे स्वस्त, भडक रंग मिसळून कुंकू होऊ लागले. त्वचारोगतज्ज्ञांनी कुंकवाच्या जागी खाज, पुरळ आणि काळसर डाग नोंदवले. सौभाग्यचिन्ह असल्यामुळे त्रास होऊनही ते पुसणे अनेक स्त्रियांना अवघड होते.

५/ मग जुने सारे निर्धोक होते काय? नाही. शेंदूर हे शिशाचे ऑक्साइड. त्याचे विष कृत्रिम रंगांहून कितीतरी जुने आहे.

६/ १९४० च्या औषध कायद्यात सौंदर्यप्रसाधने आली ती १९६२ च्या दुरुस्तीने. रंगासाठी शिसे व आर्सेनिक यांची संयुगे वापरण्यास नियमांनी मनाई केली. प्रसाधनांत चालणाऱ्या रंगांची यादी ‘आयएस ४७०७’ या भारतीय मानकात आहे.

७/ तेव्हा ‘नैसर्गिक’ या शब्दावर विसंबू नये. रंग कोणता, किती शुद्ध आणि त्वचेसाठी मान्य आहे का, हे डबीला विचारावे.