पोलिसांची शिस्त आणि १८६१ च्या कायद्याचे एकोणतिसावे कलम

१८६१ सालच्या पाचव्या कायद्याचे, म्हणजे पोलीस कायद्याचे, एकोणतिसावे कलम वाचताना अभ्यासकाची दृष्टी सहसा शिक्षेवर स्थिरावते. वस्तुतः लक्ष द्यावयास हवे ते अपराधांच्या यादीकडे. कर्तव्याचा भंग, वरिष्ठांच्या कायदेशीर आज्ञेचा अवमान, दोन महिन्यांची सूचना न देता नोकरी सोडणे, परवानगीवाचून दुसरा उद्योग करणे, भ्याडपणा, आणि सर्वांत शेवटी ताब्यातील इसमावर असमर्थनीय बळाचा प्रयोग. शिक्षा सर्वांस एकच : तीन महिन्यांच्या पगाराइतका दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही.

ही सरमिसळ विस्मयकारक आहे. कारण पोलीससुधारणेस चालना मिळाली ती या शेवटच्या अपराधामुळेच. मद्रास इलाख्यातील छळाची चर्चा १८५४ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात झाली, चौकशीसाठी आयोग नेमला गेला आणि १८५५ मध्ये त्याचा अहवाल आला. सारावसुलीसाठी आणि कबुलीसाठी छळ होत असल्याचे त्याने मान्य केले. महसूल व पोलीस हे दोन्ही अधिकार एकाच हाती असणे हे त्याचे एक कारण होते. ते अधिकार विभक्त करण्यासाठी १८५९ चा मद्रास कायदा झाला व त्यापाठोपाठ १८६१ चा. परंतु नव्या दलाची घडण करताना कायदेकर्त्यांचे मन रमले ते आज्ञापालनात. सातव्या कलमात पंधरा दिवसांची बराकबंदी, शिक्षेची कवाईत, जादा पहारा, एक महिन्याच्या पगारापर्यंत दंड असा बारकाईचा तपशील आहे. कैद्याच्या वाट्यास मात्र एकच वाक्यांश आला.

कायदेकर्त्यांस गुन्ह्याचे गांभीर्य ठाऊक नव्हते असे म्हणता येत नाही. १८६० च्या दंडसंहितेने कबुलीसाठी दुखापत करणाऱ्यास सात वर्षांपर्यंत व भारी दुखापत करणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कैद ठरविली होती. पोलीस कायद्याच्या छत्तिसाव्या कलमाने तो मार्ग खुलाही ठेवला. मात्र एकाच अपराधास दोनदा शिक्षा नाही. साहजिकच खटला कोणत्या कायद्याखाली भरावयाचा, या निवडीस महत्त्व आले. पोलिसांपुढील कबुली पुराव्यात ग्राह्य नाही हा नियम १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आला व १८७२ च्या पुरावा कायद्याच्या पंचविसाव्या कलमात स्थिरावला. तो मोलाचा खरा, पण त्याने बंधन घातले ते न्यायालयावर. मारणारा हात त्याच्या कक्षेबाहेरच राहिला.

मुंबई इलाख्याचे कायदे निराळे होते : १८६७ चा, मग १८९० चा. १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमात मात्र भेद स्पष्ट दिसतो. सेवेतील कसूर कलम १४५ मध्ये, तर अन्यायाची झडती, अटक व कोठडीतील बळजबरी कलम १४७ मध्ये. आणि दुसऱ्यास शिक्षा अधिक. नागरिकाविरुद्धचा अपराध व खात्याविरुद्धचा अपराध अखेर वेगळे मोजले गेले.

मुदतीचे प्रकरण मात्र चिवट ठरले. १८६१ च्या बेचाळिसाव्या कलमान्वये पोलिसांवरील दावा वा खटला तीन महिन्यांत दाखल करावा लागे, आणि तोही एक महिन्याची लेखी सूचना देऊन. अशाच तरतुदी मद्रासच्या १८५९ च्या व मुंबईच्या १९५१ च्या कायद्यांत होत्या. संशयिताच्या कोठडीतील मृत्यूच्या एका खटल्यात आंध्र प्रदेशातील पोलिसांनी मद्रास कायद्याच्या त्रेपन्नाव्या कलमाचा, म्हणजे छळाच्या चौकशीतून जन्मलेल्या कायद्याचाच, आश्रय घेतला. १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला : मारहाणीचा तपासाच्या कर्तव्याशी वाजवी संबंध नाही, म्हणून मुदतीचे संरक्षणही नाही.